सोबतच्या माणसाचा नंबर

सन २०२४. माझं वय एकाहत्तर. सांगलीतल्या एका हॉलमध्ये माझा अंगठा भिंतीएवढा करून दाखवला, आणि लोक हसले.

बसच्या तिकिटाचं ॲप सोपं करायचं होतं. त्यासाठी कंपनीची पोरं आधी तासगावच्या स्टँडवर येऊन गेली होती. "आजोबा, जरा चालवून बघा." मी तिसरी शिकलेला. अक्षराला अक्षर जुळवून वाचतो, पण वाचतो. फोन घेतला, अंगठा कपाळावर घासला आणि बटणावर दाबून धरला. रेशनच्या दुकानात मशीनला असाच द्यावा लागतो. बेदाण्याच्या शेडवर औषधात द्राक्षं बुडवून बोटांच्या रेघा गेल्यात. कपाळाचं तेल लावल्याशिवाय मशीन ओळख देत नाही, आणि आवाज येईस्तोवर अंगठा उचलायचा नसतो. ॲपचं उलटं. दाबून धरलं की सगळं पुसून जायचं. मी परत कपाळ घासायचो, परत दाबायचो. पोरांनी त्याचं शूटिंग केलं. मला वाटलं, कामाला येईल.

आलं की कामाला! ॲपच्या उद्घाटनाला मला सांगलीला बोलावलं, आणि पडद्यावर मी. कपाळ घासतोय, दाबतोय. कपाळ घासतोय, दाबतोय. मागनं कुणीतरी म्हणालं, "तिकीट काढतोय का अंगारा लावतोय?" हॉल फुटला. आणि मी पहिल्या रांगेत, गळ्यात त्यांनीच घातलेला हार.

कंपनीचे साहेब म्हणाले, "अशा लोकांसाठी आपण खास पान केलंय." मोठी अक्षरं. काठी टेकलेल्या म्हाताऱ्याचं चित्र. माझ्याकडं काठी नाही. गाव निवडलं की खाली प्रश्न : सोबत कोण आहे? त्या माणसाचा नंबर टाका. नंबर टाकल्याशिवाय पान पुढं सरकत नाही. तिकीट जाणार त्या माणसाच्या फोनवर.

मी विचारलं, "माझ्या फोनवर का न्हाई?"

"तुमच्याच सोयीसाठी, आजोबा. मुलाचा द्या, नातवाचा द्या. तुम्ही फक्त बसायचं."

फक्त बसायचं.

माझा बाप चावडीत कधी स्वतःच्या तोंडानं बोलला नाही. तो बाहेर उभा. आतला कुणीतरी त्याचं म्हणणं सांगणार, तेही स्वतःच्या मनानं. धम्म घेऊन घरी आला तेव्हा आईला म्हणाला होता, "आता मदी कुणी नगं." आई सांगायची. किती वर्षं विसरलो होतो. त्या मऊ खुर्चीत आठवलं आणि अंग पेटलं.

हार काढून खुर्चीवर ठेवला. उभा राहिलो.

"ह्यात मदी एक माणूस घुसवलाय तुमी. त्यो काढा."

"आजोबा, सोपं केलंय."

"सोपं न्हाई केलं. मला काढून टाकलं."

शेजारी आमच्या गावचा म्हादबा. बाही ओढत म्हणाला, "गप रं गड्या, जेवान हाय अजून."

साहेब हसले. तुमचा फोटो पोस्टरवर लावू म्हणाले. एकानं संमतीचा कागद धरला, अंगठ्यासाठी शाईचं पॅड पुढं केलं. सही येते का, हे विचारलंसुद्धा नाही.

"न्हाई देत."

न जेवता बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तासगावचा स्टँड. ते खास पान सोडून बारीक अक्षरांचं जुनं पान उघडलं. सांगलीची गाडी लागलेली. कंडक्टर म्हणाला, "आवं आण्णा, द्या हिकडं, मी काढतो."

"फोनला हात लावायचा न्हाई."

गाडी गेली. दुसरीही गेली. हात आपोआप कपाळाकडं निघाला, अर्ध्यातनं खाली आणला. अंगठा टेकवला, उचलला. टेकवला, उचलला. तिकीट आलं. माझ्या फोनवर.

सांगलीत उतरून थेट कंपनीच्या ऑफिसपुढं. दार अजून बंद. पायरीवर बसलो.

वॉचमन म्हणाला, "म्हातारबा, बरोबर कोण हाय?"

"कुणी न्हाई."

"काम काय?"

"ॲपात एक ओळ लिवलीया, ती काढायची. निघंस्तवर रोज येनार. एकटा येनार."