आज ऊन आहे

तुम्ही शेवटचं पायी कधी चाललात? व्यायामासाठी नव्हे, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नव्हे, मॉलच्या गारव्यात फेऱ्या मारायला तर नव्हेच. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायचं होतं, म्हणून? आठवत नसेल, तर तुम्हाला इनासकाका भेटायला हवे होते. त्यांनी तुम्हाला नावं ठेवली नसती. आधी हवामानाबद्दल बोलले असते आणि मग हळूच तुमच्या बुटांकडे बघितलं असतं.

मला ते लिफ्टमध्ये भेटले. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधली आमची बिल्डिंग, जुलै महिना, बाहेर सेहेचाळीस डिग्री. आत पंचाहत्तरीचे एक गृहस्थ उभे. डोक्यावर लोकरीची चपटी टोपी, पायात गुडघ्यापर्यंत गमबूट, हातात झाडं छाटायची कात्री. मी फोनवर कुणाशी तरी मराठीत भांडत होते. फोन ठेवल्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "आज ऊन आहे."

"काका, कालही होतं."

"होतं. पण कालचं जरा उद्धट होतं."

काका वसईचे. मुलगी ग्लॅडिस जुमेरा लेक टॉवर्समध्ये नोकरीला, तिच्याकडे राहायला आलेले. पण त्यांच्याशी पाच मिनिटं बोललात, तर वसई आणि दुबई दोन्ही मागे पडायची आणि तुम्ही सत्तरच्या दशकातल्या एका इंग्रजी खेड्यात पोचायचात. त्यांची बायको फिलोमीना नर्स होती. तिला तिथल्या छोट्या हॉस्पिटलात काम मिळालं आणि काका मागोमाग गेले, बेकार. घरापासून हॉस्पिटलपर्यंत शेतातून पायवाट होती, तिच्यावर घोट्याएवढा चिखल. फिलोमीनाबाईंचे पांढरे बूट रोज खराब व्हायचे. म्हणून काका रोज सकाळी त्या वाटेवर दगड नि फळ्या टाकत बसायचे. एक दिवस कौन्सिलचा माणूस आला, बराच वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, हे तुम्ही फुकट का करता? आणि त्यानं काकांना नोकरी दिली. पायवाटा राखायची. झुडपांची कुंपणं छाटायची, पाट्या रंगवायच्या, आणि कुंपणावरून पलीकडे उतरायच्या लाकडी पायऱ्या दुरुस्त करायच्या. नऊ वर्षं त्यांनी हे केलं. "बायकोच्या बुटांमुळे सरकारी नोकरी लागलेला वसईतला मी एकटाच," असं ते अभिमानानं सांगायचे.

त्या खेड्याची त्यांची आठवण म्हणजे शांततेची आठवण. बस मंगळवारी आणि शुक्रवारी. दाराशी दुधाच्या बाटल्या. कुंपणाला काळी बोरं लागायची, ती चालता चालता खायची. "गाडी आली की आम्ही बाहेर येऊन बघायचो गो. गाडीवालापण थांबून सांगायचा, मी कुठे चाललो ते."

हे ऐकून माझं डोकं तापायचं. कारण सांगते. मी सोलापूरची. वडील विडी कामगारांच्या युनियनमध्ये. आमच्या घरी जेवणाच्या ताटाखाली पत्रकं, रद्दीत पत्रकं, उशीखाली पत्रकं. शाळेत अ अननसाचा होता, घरी अन्यायाचा. सहाव्या वर्षी मी पत्रकाची तिघडी घडी घालायला शिकले. अशी मुलगी दुबईत पॅकेजिंग फॅक्टरीत क्वालिटी तपासायला आली, तरी एका वसईकराला इंग्रजांच्या खेड्यासाठी उसासे टाकताना कशी बघेल?

"काका," मी एकदा त्यांना धरलंच, "ती शांतता आमच्या कापसावर उभी होती!"

"असेल गो बाय. मला पहिले आठ महिने कुणी घरात बोलावलं नाय. दुकानातली बाई मी हात लावलेला पाव पुन्हा रॅकवर ठेवायची नाय. मला सगळं माहीत आहे."

"मग आठवण कशाची काढता?"

"वाटेची. माणसं तिरकी होती, वाट सरळ होती."

हे मला पटायला लागलं. म्हणून मी चिडले.

आता आमच्याकडच्या वाटेबद्दल. बिल्डिंगच्या मागच्या फाटकापासून पलीकडच्या रस्त्यापर्यंत एक मोकळा प्लॉट होता. वाळू आणि दोनचार काटेरी झुडपं. त्यातून तिरकी एक पायवाट गेली होती, फक्त पायांनी पाडलेली. पलीकडे बस स्टॉप आणि एक कॅफेटेरिया. चार मिनिटं. आमच्या शेजारी कामगारांची निवासं आहेत, तिथले शेकडो लोक हीच वाट वापरायचे. काका रोज सकाळी कात्री घेऊन तिथं जायचे आणि वाटेवर आलेली काट्यांची एकेक फांदी कापायचे. गमबूट त्याचसाठी. बिल्डिंगमधली मुलं त्यांना हसायची. मग एका एप्रिलमध्ये असा पाऊस झाला की पार्किंगचं तळं झालं, आणि अख्ख्या बिल्डिंगमध्ये योग्य पोशाखात एकच माणूस होता. त्या दिवशी सगळ्यांचं दूध, पाव आणि औषधं काकांनी आणली. वर विचारलं, "आज जरा ओल आहे, नाय?"

ऑक्टोबरात प्लॉटला आमच्या बाजूनं कुंपण आलं. कमरेएवढी तारेची जाळी आणि पाटी: लँडस्केपिंगचं काम, प्रवेश बंद. काम कोणतंच नव्हतं. लोक आता ट्रकच्या रस्त्यानं वळसा घालू लागले. त्या रस्त्याला फूटपाथ नाही. दुसऱ्याच आठवड्यात आमच्या फॅक्टरीतल्या एका पॅकरला ट्रकच्या आरशाचा धक्का लागला आणि त्याचा खांदा निखळला. वीतभर रस्त्याकडे असता तर खांद्यावर भागलं नसतं.

मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. हिंदीत, दणदणीत. छापायच्या आधी काकांना वाचून दाखवलं. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा लावला आणि बोटानं मोजायला लागले.

"उद्गारचिन्हं चौदा आहेत गो."

"विषयच तसा आहे."

"आमच्या गावात वर्षाला एक वापरायचे. तेसुद्धा कुत्रा हरवला तर."

"काका, माणसं मरतील!"

"म्हणूनच सांगतो. हा कागद भिंतीवर लागला, की तुझा व्हिसा जाईल. वाट बंदच राहील. वर माझ्याशी भांडायलापण कोणी उरणार नाय." कागदाची त्यांनी व्यवस्थित तिघडी घडी घातली आणि खिशात टाकली. "कुंपणावर रागावू नये. कुंपणाला कान नसतात. त्याच्यासमोर नुसतं जाऊन उभं राहायचं."

मग त्यांनी मला त्या खेड्यातली गोष्ट सांगितली. एका शेतकऱ्यानं पायवाटेवर काटेरी तार लावली. कोणी भांडलं नाही. दर रविवारी प्रार्थनेनंतर सगळं गाव तारेपर्यंत चालत जायचं, तिथं उभं राहायचं, गुड मॉर्निंग म्हणायचं, हवेबद्दल बोलायचं आणि परत यायचं. शिवाय म्हातारे म्हणायचे, ज्या वाटेनं एकदा मयत गेलं, ती वाट कायमची सगळ्यांची.

"हे कायद्यात आहे?"

"नाय. पण शेतकऱ्याला कुठं माहीत होतं? आम्ही तयारी केलेली. नव्वदीची एक म्हातारी होती, तिनं शब्द दिलेला, माझं झालं की मला इथूनच न्या म्हणून."

"मग?"

"त्यानं तिच्या आधीच तार काढली. म्हातारी फार नाराज झाली."

मी हसले, पण ते हसत नव्हते. "वसईत आमच्या वाडीतून चर्चकडे वाट होती. केळीच्या बागेतून. मी तिकडे, मग ग्लॅडिस इकडे, भाऊ कॅनडात. चालायला कोण उरलं नाय. बिल्डरनं पत्रे ठोकले तेव्हा इथं वाट होती हे सांगायला गवतसुद्धा दबलेलं नव्हतं. एक वाट मी अशी घालवली, बाय. दुसरी नाय घालवणार."

तर पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही तिघं कुंपणाशी: काका, मी आणि "पप्पा, लोक काय म्हणतील" असं पुटपुटणारी ग्लॅडिस. काकांच्या अटी कडक. घोषणा नाहीत, फोटो नाहीत, गर्दी वाढली तर निम्म्यांनी घरी जायचं. थर्मासमधून चहा ओतला गेला. "आज ऊन आहे," काका म्हणाले. "आहे," मी दात खात म्हणाले. मला इतकं निरुपयोगी आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या रविवारी काकांनी आम्हाला एकामागे एक उभं केलं, कारण त्यांच्या मते सभ्य माणसं रांगेत उभी राहतात. आणि इथंच चमत्कार झाला. आपल्या भागातल्या माणसाला रांग दिसली की तो आधी उभा राहतो आणि मग विचारतो. पंधरा मिनिटांत रांगेत वीस जण.

"भाई, क्या मिल रहा है?"

"पता नहीं. शायद बिर्याणी."

गार्ड गुलबाज धावत आला. "चाचा, ये किस चीज़ की लाइन है?"

"किसी चीज़ की नहीं. हम खड़े हैं."

"क्यों खड़े हैं?"

"धूप अच्छी है," काका म्हणाले, आणि त्याला चहा दिला.

बिर्याणी नाही म्हटल्यावर काही जण गेले, पण कुंपणाकडे बघून बरेच जण काय ते समजले आणि थांबले. काकांनी अटीप्रमाणे निम्म्यांना हात जोडून घरी पाठवलं. पुढच्या रविवारी बिल्डिंगचा मॅनेजर स्वतः आला, हातात टॅब घेऊन. "अंकल, कंप्लेंट है तो बोलो, मैं चौबीस घंटे में क्लोज़ करता हूँ." काका म्हणाले, कंप्लेंट काही नाही. तो बिचारा हादरला. त्याच्या टॅबमध्ये एसीची तक्रार होती, नळाची होती, झुरळांची होती. तक्रार नसल्याची कुठंच नव्हती.

चौथ्या रविवारी मी आमच्या फॅक्टरीतली टाकून दिलेली लाकडी पॅलेट्स परवानगी काढून आणली. काकांनी दोन दिवस खपून कुंपणाच्या दोन्ही बाजूंना पायऱ्या बांधल्या. तारेला स्पर्श न करता! मॅनेजर ओरडत आला. "ये सेफ नहीं है!"

"सही है," काका म्हणाले, आणि कठडा लावला.

"कील लग जाएगी किसी को."

"सही," म्हणून त्यांनी सगळ्या कडा घासल्या.

"अरे, मज़बूत है क्या, किसको पता?"

"आप देखो ना, हबीबी."

मॅनेजर चढला. तावातावानं पलीकडे उतरला आणि वाटेनं चालू लागला, बहुधा परत यायला लाज वाटली म्हणून. चार मिनिटांनी तो आम्हाला कॅफेटेरियासमोर दिसला. तो हातात कडक चहाचा पेला घेऊन उभा होता आणि इकडे बघत होता. तोही रोज गाडी काढून वळसा घालूनच तिथं जात होता, हे मला नंतर कळलं. पंधरवड्यात तिथं लोखंडी फाटक बसलं. पाटीवर लिहिलं होतं: पादचाऱ्यांसाठी. "खलास," काका म्हणाले, आणि काटे छाटायला निघून गेले.

त्या मार्चमध्ये ते वसईला परत गेले, कायमचे. मी विमानतळावर रडले. ते म्हणाले, "रडतेस काय? रविवारी चाल." मग दर रविवारी त्यांचा फोन. "आज बिल्डरच्या पत्र्यापाशी चौघं होतो. ऊन होतं." पुढे सात झाले. "एक पाद्री पण आहे. उभं राहायला चांगला आहे, बोलतो जरा जास्त."

नोव्हेंबरमध्ये काका गेले. ग्लॅडिस तिकडे होती, तिनं फोनवर सांगितलं. ती रडत होती आणि हसत होती. काकांच्या खणात एक कागद सापडला. ते माझंच पत्रक होतं, तिघडी घडी घातलेलं. पाठीमागे मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: मला वाटेनं न्या! वर्षातलं एक उद्गारचिन्ह त्यांनी वापरलं होतं.

गाडी दारात उभी होती. पण खांदेकरी शवपेटी घेऊन पत्र्याकडे वळले आणि थांबले. आतला वॉचमन बाहेर आला, त्यानं पेटी बघितली, टोपी काढली. मयताला कोण नाही म्हणणार? त्यानं पत्र्याचं दार उघडलं. काका नव्या टॉवरच्या पार्किंगमधून, गाड्यांच्या दोन रांगांमधून, जिथं एकेकाळी केळी होत्या तिथून, चर्चला गेले.

पुढच्या रविवारी लोक पुन्हा पत्र्यापाशी उभे राहिले. वॉचमननं डोकं बाहेर काढून घाबरत विचारलं, "आज कोण?"

"आज कोणी नाही," पाद्री म्हणाले. "आज ऊन आहे."

त्यानं दार उघडलं. तेव्हापासून ते रविवारी उघडतं. चालणारे येतात तोवरच उघडेल, हे मला माहीत आहे.

म्हणून तुम्हाला एक विनंती. पत्रकांवर वाढलेली मुलगी ती करतेय, तर ऐका. तुमच्या घराजवळही एखादी पायवाट असेल, जिच्यावरून तुम्ही बऱ्याच दिवसांत गेला नाहीत. येत्या रविवारी तिच्यावरून चाला. वाट बंद झाली असेल, तर कुंपणापर्यंत जा आणि उभे राहा. थर्मास न्या, एक कप जास्तीचा न्या. कुणी विचारलं, इथं काय करताय, तर काय म्हणायचं ते तुम्हाला आता ठाऊक आहे.