कधी वापरू नये

दत्ता नदीकाठच्या विहिरीत छातीभर पाण्यात उभा होता आणि मोटार सुरू झाली. पाणी ओढणाऱ्या पाइपाची जाळी साफ करायला तो उतरला होता. जाळी हातात, पाइपाचं तोंड उघडं. त्यात त्याचा पाय ओढला गेला. ओरडला तोही अर्धाच, कारण तोंडात पाणी गेलं. हवालदार धावत आले आणि त्यांनी मोटार बंद केली. पाय मोडला, पण माझा मुलगा वाचला.

स्टार्टरच्या पेटीवर टॉवेल टाकलेला होता. पेटीवर टॉवेल म्हणजे आत माणूस, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण त्या दिवशी पेटीला कुणी हात लावलाच नव्हता. आमच्या पाणी संस्थेनं फोनवरचा यांत्रिक मदतनीस नवीनच घेतला होता. कुणीतरी बांधावरून त्याला “पाणी सोड” म्हणालं आणि त्यानं सोडलं.

हवालदार संस्थेचे सचिव. उभी नोकरी लष्कराच्या भांडारात गेलेली, त्यामुळे दिसेल त्या वस्तूवर चिठ्ठी लावायची खोड. त्यांच्या घरी मिठाच्या डब्यावर लिहिलं होतं, ‘मीठ. आमटीसाठी. आधी घातले आहे का, चाखून पाहावे. घातले असल्यास वापरू नये.’ त्यांची बायको म्हणायची, “आता माझ्या कपाळावर लावा एक चिठ्ठी.” हवालदार हसायचे नाहीत. डबा सुनेच्या हाती गेला तरी आमटी खारट होऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

अपघातानंतर सांगलीची इंजिनिअर मुलगी आली. मी पंपघरात झाडलोट करते, फोन घेते. त्यामुळे सगळं ऐकलं. ती म्हणाली, मदतनिसाकडे अवजारं असतात. मोटार लावायचं एक, बंद करायचं एक, व्हॉल्व्हचं एक, फोन लावून विचारायचं एक. प्रत्येकापुढे वर्णन लिहिलेलं असतं. ते वाचूनच कोणतं अवजार घ्यायचं हे तो ठरवतो. मोटारीपुढे लिहिलं होतं, ‘मोटार चालू करते.’ संपलं.

“ह्यात टावेल कुठं हाय?” हवालदारांनी विचारलं.

“काका, तो फार हुशार आहे. समजून घेतो.”

“हुशार हाय म्हणूनच घोळ झाला. येड्यानं इचारलं तरी असतं!”

मग प्रत्येक अवजाराचं वर्णन नव्यानं लिहायला ते वही घेऊन बसले आणि मला समोर बसवलं. “आक्का, तू चौथी शिकल्याली. तुला जिथं अडंल तिथं त्यालाबी अडंल.”

“आवं, मला कशाला मशीनच्या पंगतीत बसवताय?”

“तू इचारतीस. शिकल्याल्यास्नी लाज वाटती.”

पहिलंच वाचलं, ‘व्हॉल्व्ह दोन उघडतो.’ म्हटलं, “कुठला दोन? आमी त्याला चिंचेचा म्हणतो.” त्यांनी खोडून लिहिलं, ‘व्हॉल्व्ह दोन, म्हणजे चिंचेखालचा. ओढ्यापलीकडच्या शेतांसाठी. तिथल्या पाण्याची पाळी नसल्यास वापरू नये.’ मोटारीच्या वर्णनाला चार दिवस गेले. रोज मी वाचायची, रोज काहीतरी विचारायची, रोज ते चिडायचे आणि पुन्हा लिहायचे. शेवटी राहिलं ते असं: ‘मोटार चालू करते. विहिरीत माणूस असल्यास त्याचा जीव जाऊ शकतो. विहिरीवर हजर असलेल्या माणसाने, आत पाहून, आत्ताच “कुणी नाही” असे सांगितले तरच वापरावे. इतर कुणीही हुकूम दिला तरी वापरू नये. आधी पंपघरात फोन करून विचारावे.’

इंजिनिअर मुलीनं ते तसंच मदतनिसात भरलं, तेव्हा संस्थेचे अध्यक्ष भडकले. “म्हंजी माझ्या शब्दालाबी त्यो न्हाई म्हणणार व्हय?”

“तुमी हिरीवर येऊन उभं ऱ्हावा. मग ऐकंल,” हवालदार म्हणाले.

हवालदार गेले त्याला आता वर्ष झालं. तापानं गेले, घरच्या खाटेवर. गावाला त्यांचा करडा आवाज आठवतो. मला त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यातली एक दुपार आठवते.

विहिरीचं बांधकाम ढासळलं होतं. वडूजहून दोन गवंडी आले. त्यांचं काम हवालदारांना पसंत पडेना, म्हणून सत्तरी ओलांडलेला हा माणूस त्यांच्याशी भांडत भांडत त्यांच्यापाठोपाठ स्वतः शिडीनं खाली उतरला. दत्ताच्या अपघातापासून उतरण्याआधी फ्यूज काढायचा नियम झाला होता. भांडणाच्या नादात हवालदार तो विसरले, आणि माझ्याही ध्यानात आलं नाही.

तेवढ्यात वीज आली. अध्यक्षांनी इस्लामपुरातून मदतनिसाला सांगितलं, “मोटार लाव, ऊस वाळतोय.” एकदा नाही, तीनदा सांगितलं, शिवी घालून. नंतर त्यांनीच हे सगळ्यांसमोर कबूल केलं.

पंपघरातला फोन वाजला. मदतनीस होता. “मोटार लावायला सांगितलं आहे. विहिरीत कुणी आहे का?”

“तिघं हायत! खबरदार हात लावशील तर!”

“लावत नाही,” तो म्हणाला.

आधी मी फ्यूज उपसला. मग विहिरीच्या काठावर जाऊन ओरडले, “हवालदार, तुमच्या लिवण्यानं तुमालाच वाचवलं!”

खालून आवाज आला, “फ्यूज काढायचा ऱ्हायला व्हय गं? वर आलो की लिवतो.”

त्या दुपारी त्या विहिरीतून तिघं जिवंत वर आले, वडूजचे दोन गवंडी आणि हवालदार.