टिपणीस डॉक्टरांच्या हिरव्या चॉप्स

इंग्लंडमधल्या स्लाऊच्या हॉस्पिटलात श्रीनिवास टिपणिसांनी सत्तावीस वर्षं पेशंटना भूल दिली. ऑपरेशन पार पडलं की लोक सर्जनला फुलं पाठवत. भूल देणाऱ्याचा चेहरा कुणाला आठवतही नसे. टिपणिसांची त्याबद्दल तक्रार नव्हती. मुळातच माणूस अबोल. १९९३च्या एप्रिलमध्ये ते रिटायर झाले आणि घरात इतके गप्प बसू लागले, की त्यांच्या पत्नीला, अलकाताईंना, धास्ती वाटू लागली. रविवारी मटण असलं की तेवढ्यापुरते मात्र उठत. पेणच्या सीकेपी घरात वाढलेले. कोथिंबीर, मिरची, आलं, लसणीचं हिरवं वाटण स्वतःच करत. अलकाताईंनाही त्यात हात घालू देत नसत.

ऑगस्टमध्ये मँचेस्टरहून मुलीचा, सीमाचा, फोन आला. ती तिथे नोकरीला होती. जन्म इथलाच, त्यामुळे तिचं मराठी तिच्या पद्धतीचं.

"बाबा, इथे पार्कमध्ये बार्बेक्यू फेस्टिव्हल आहे, होल वीकेंड. हौशी लोकांचा कॉम्पिटिशन पण आहे. मी तुमचा नाव दिला."

"मला न विचारता?"

"विचारला असता तर तुम्ही नाही म्हटला असता."

हे खरंच होतं, त्यामुळे पुढे वाद झाला नाही.

शुक्रवारी चाळीस चॉप्स वाटणात मुरवून, कूल बॉक्समध्ये भरून दोघं निघाली. लसणीच्या वासानं अलकाताईंनी एम सिक्स मोटरवेवर भर वाऱ्यात काच उघडी ठेवली.

शनिवारी पार्कात धुराचे लोटच्या लोट. नियम असा, की कोळसा ज्यानं त्यानं पेटवायचा आणि तीन वाजता परीक्षकांसाठी सहा नग तयार ठेवायचे. टिपणिसांनी कोळसे एकावर एक नीट रचले, काडी लावली, पुठ्ठ्यानं वारा घातला. कोळसे ढिम्म. अर्धा तास गेला. शेजारी स्टॉकपोर्टचा केन नावाचा निवृत्त बसड्रायव्हर सॉसेज भाजत होता. तो थोडा वेळ बघत राहिला, मग चिमटा घेऊन आलाच.

"फार घट्ट रचलंय. त्याला श्वास तरी घेऊ द्या," तो म्हणाला.

टिपणीस हसले. "आयुष्यभर मी तेवढंच काम केलंय हो," ते म्हणाले आणि कोळसे सैल केले.

विस्तव फुलला. चॉप्स जाळीवर पडल्या, चरबीचा थेंब खाली चरचरला आणि वास सुटला. टिपणीस जाळीवरून नजर काढेनात. पेशंटकडे बघायचे तसेच, कुठली केव्हा उलटायची ते नेमकं हेरत होते. आधी केननं एक मागितली, मग त्याच्या बायकोनं, मग प्रॅम घेऊन आलेल्या एका बाईनं. बघता बघता रांग लागली. प्रत्येक जण विचारी, हे हिरवं काय आहे? आणि टिपणीस सांगत. पेण सांगत, आईची शेगडी सांगत. त्यांना एकदम एवढं बोलताना अलकाताईंनी लग्नानंतर प्रथमच ऐकलं.

तीन वाजता परीक्षक आले. जाळी रिकामी होती.

"अहो, यांच्यासाठी सहा ठेवायच्या होत्या ना?" अलकाताईंनी हळूच विचारलं.

टिपणिसांनी कूल बॉक्स उघडला. तळाशी नुसतं वाटण होतं. त्यांनी परीक्षकांची माफी मागितली, पण स्वतःचं हसू काही त्यांना आवरेना. नाव बाद झालं. सीमा हिरमुसली, बाप मात्र केनच्या सॉसेजवर उरलेलं वाटण लावून बघण्यात गुंग होता.

रविवारी सकाळीच परत निघायचं ठरलं होतं. पण टिपणीस आठ वाजता बूट घालून तयार.

"सीमा, रशोमच्या त्या देशी बाजारात खाटकाचं दुकान उघडलं असेल का गं?"

त्या दिवशी स्पर्धा नव्हती. केननं आपल्या जाळीची अर्धी बाजू दिली. प्रॅमवाली बाई आपल्या आईला घेऊन पुन्हा आली. चार वाजेपर्यंत चॉप्स निघत राहिल्या.

परतीच्या वाटेवर टिपणीस बर्मिंगहॅम येईपर्यंत बोलत होते. अलकाताईंनी रेडिओ लावला नाही.