ओलं गोणपाट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही – नवऱ्यालाही नाही. नामदेवदादाला जाऊन महिना झाला. आता मला खोटं पाडील असं कुणी उरलं नाही. म्हणून लिहिते आहे का? असेलही.

दादा माझा थोरला चुलतभाऊ. वाटूरजवळच्या मोबाइल टॉवरवर राखणदार होता, आणि त्याच टॉवरवर आमच्या कंपनीची चाचणी होती. पूर्वी टॉवरवरच्या रेडिओसाठी – फोनचे सिग्नल घेणाऱ्या-सोडणाऱ्या यंत्रासाठी – खाली खास घडवलेले संगणक असत. आम्ही तिथं लोखंडी पेटीत साधा सर्व्हर बसवला – रेडिओ कुठल्याही कंपनीचा जोडा, बाकीचं सॉफ्टवेअर बघेल. पेटीची रचना माझी. ती आटोपशीर दिसावी म्हणून मी पंखे कमी केले होते. पुण्यात, एसीत, सगळं सुरळीत चाललं. वाटूरचं ऊन मला ठाऊक नव्हतं? मी तिथंच वाढले.

उन्हाळ्यात दादाचा फोन आला. "सुमे, तुझी पेटी दुपारी दम टाकून राह्यली."

तापला की प्रोसेसर आपणहून मंदावतो, आणि रेडिओला सेकंदाच्या हजाराव्या भागाचाही उशीर चालत नाही. गावातले फोन मधेच तुटत होते. पेटीवर ओलं गोणपाट टाक, असं मीच त्याला सांगितलं. आमच्या कंपनीच्या साहेबांना मात्र कळू देऊ नकोस, असंही. तो रोज दुपारी गोणपाट भिजवायचा. फोन तुटायचे थांबले.

मग एके दिवशी पेटी बंदच पडली. साहेब आले, मीही आले. गोणपाट तिथंच होतं. हे कुणाचं डोकं, असं साहेबांनी विचारलं. आणि मी – मी काय म्हणाले?

"दादा, ही काय म्हशीची पाठ आहे?"

सगळे हसले. दादाही हसला. माझ्याकडे एकदाच बघून म्हणाला, "चुकलं साहेब. मला बराबर कळलं न्हाई."

अहवालात मी लिहिलं: पाणी शिरलं. आत थेंबही नव्हता – पेटी मीच उघडली होती. सर्व्हर उष्णतेनं गेला होता.

दादाला कामावरून काढलं. गावातली माणसं त्याला 'गोणपाट' म्हणू लागली. पुढच्या पेटीत मी गुपचूप पंखे वाढवले. त्या पेटीचं कौतुक झालं.

दहाव्याला वहिनी बायकांना सांगत होत्या, "पाणी माझ्याच हातानं गेलं, असं हे स्वतः म्हणायचे. ताईंनी तरी किती झाकून घ्यावं?"

म्हणजे घरातसुद्धा त्यानं माझं नाव –

बायका माझ्याकडे बघत होत्या. मी वहिनींच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "जाऊ द्या वहिनी. मी दादाला केव्हाच माफ केलंय."