सामायिक डॉट कॉम

आमच्याकडं भागीदारीचे किस्से शोधायला जावं लागत नाही. दोघांत एक विहीर असली की घरटी एक किस्सा तयारच असतो. तलवाड्यात माझं ऑनलाइन सेंटर आहे. पीकविमा, सातबारा, झेरॉक्स, यासाठी रोज माणसं येतात आणि भांडणं टेबलावर ठेवून जातात. बाकीचे किस्से मी हसत सांगतो. हे सांगताना मात्र डोकं फिरतं, आधीच सांगून ठेवतो.

*

सुरुवात बीडच्या एका हॉलमध्ये झाली. टाय लावलेला एक माणूस सांगत होता, वेबसाइटचं नाव म्हणजे इंटरनेटवरचा प्लॉट. आज घ्या, चार-पाच जणांत घ्या, भाव चढला की विका.

प्लॉट म्हटल्यावर आमचे आण्णा ताठ बसले. आण्णा म्हणजे गावातले मोठे बागायतदार, पंचायत समितीला दोनदा पडलेले, पण रुबाब निवडून आल्याचा. त्यांनी हात वर केला.

‘‘याचा सातबारा निघतो का?’’

‘‘तसंच काहीतरी निघतं, सर.’’

‘‘मग घेऊ,’’ आण्णा म्हणाले. झाला व्यवहार!

आम्ही पाच जण जमलो. आण्णा, त्यांचा चुलतभाऊ बबन, किराणावाले शिवाप्पा शेठ, मी आणि माझी चुलतबहीण कुसुमअक्का. नाव सुचवलं अक्कानं. आमच्या डोंगराचं नाव आणि पुढं सीताफळ. तिचं सीताफळाचा गर काढायचं शेड आहे, गावातल्या बायका तिथं कामाला येतात. गर त्यांनी काढायचा आणि व्यापाऱ्यानं त्यावर आपला शिक्का मारून विकायचा, हे तिला वर्षानुवर्षं सलत होतं. आपल्या नावानं आपला माल जावा, एवढ्यासाठी ती यात आली होती. बाकीचे भाव चढायची वाट बघायला आले होते.

*

करारनामा बॉन्डवर करायचा, हा शिवाप्पांचा आग्रह. गेवराईला गेलतो. बॉन्ड लिहिणाऱ्यानं चष्मा लावला आणि विचारलं, ‘‘मालमत्तेची चतुःसीमा?’’

मी म्हटलं, याला चतुःसीमा नसते. तो म्हणाला, ‘‘चतुःसीमा न्हाई तर दस्त न्हाई. उद्या शेजारच्यानं बांध कोरला तर माझ्या नावानं बोंबलाल.’’

आण्णा विचारात पडले. मग त्यांनी धिम्या आवाजात सांगायला सुरुवात केली. ‘‘लिव्हा. डावीकडं डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू. उजवीकडं डॉट कॉम.’’

‘‘अन् वर-खाली?’’

‘‘सरकारी गायरान.’’

त्यानं ते लिहिलं. पाचही जणांनी सह्या केल्या.

*

मग पासवर्ड. तो एकाकडं ठेवायला कुणीच तयार नाही. आमच्या मंदिराच्या दानपेटीला पाच कुलपं आहेत, पाच विश्वस्तांकडं पाच किल्ल्या. सगळे हजर असल्याशिवाय पेटी उघडत नाही. बबन म्हणाला, ‘‘तसंच करू. देवावर जिथं इश्वास न्हाई तिथं भावावर कावून ठेवायचा?’’

पासवर्डचे पाच तुकडे झाले. प्रत्येकानं आपला तुकडा पाठ करायचा, कुणाला सांगायचा नाही. लॉगिन करायचं म्हणजे पाचही जण सेंटरवर. एक टाइप करणार, बाकीचे भिंतीकडं तोंड करून उभे. एकदा विम्याचा अर्ज भरायला आलेली म्हातारी दारातच थबकली. चौघं खाली मान घालून भिंतीकडं उभे बघून तिनं पदर सावरला आणि हळूच मला विचारलं, ‘‘कोन गेलं रं बाबा?’’

*

अक्का म्हणाली, ‘‘नाव घेतलंय तर त्याच्यावर साइट टाकते. सीझनला ऑर्डरी येतील.’’

बबन उसळला. ‘‘सामायिक हिरीवर एकानंच आठवडाभर मोटार चालवायची का? पाळी लावा.’’

आणि खरंच पाळ्या लागल्या! अक्काला गुरुवार मिळाला.

‘‘अन् शुक्रवारी गिऱ्हाईक आलं तर?’’

‘‘शुक्रवारी आण्णाची पाळी.’’

‘‘आण्णा काय टाकनार?’’

आण्णांनी मिशीवरून हात फिरवला. ‘‘माझा फोटो. शुभेच्छुक म्हनून खाली तुमी समदे.’’

मी ओरडलो. म्हटलं, अरे, ही विहीर नाही, रोज नावाची पाटी बदलणाऱ्या दुकानात कोण येईल? तर शिवाप्पांनी शांतपणे तोडगा काढला, ‘‘मंग पडीक ठेवू. पडीकाचा भाव चढतोय.’’ ते पडीक ठेवून आम्हा चौघांचं काही अडत नव्हतं. अक्काचं अडत होतं. तिच्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही, याचा मला जास्त राग आला.

दोन हंगाम भांडून तिनं शेवटी आठवडाभर साइट चालवायला हो म्हणवून घेतलं. अट एकच, विकायची वेळ आली की तिनं आडवं यायचं नाही.

*

ती वेळ आलीही. पुण्याहून एका माणसाचा फोन आला, नाव विकत हवं होतं. अक्का आडवी आली नाही, शब्द दिला होता. पण आण्णांनी फोन स्पीकरवर टाकला आणि म्हणाले, ‘‘असं करा, आधी येऊन बघून जा.’’

‘‘मी बघितलंय, सर. घरूनच.’’

‘‘तरी या. चहापानी करू, चक्कर मारू.’’

तिकडून तो बिचारा हसला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की हे खरंच बोलतायत. त्यानं फोन ठेवला. आण्णांचं मत ठरलेलं, ‘‘जागा न बघता घेनारा मानूस खरा नसतोय.’’

अक्कानं त्या दिवशी शेडवर पेढे वाटले. कारण कुणालाच सांगितलं नाही.

*

आता शेवटचं. हे सांगू नये असं वाटतं, पण सांगतो.

असं नाव ठरावीक वर्षांपुरतंच मिळतं, आमची मुदत संपत आली होती. नूतनीकरण करायचं म्हणजे लॉगिन आलं. नेमकं त्याच वेळी आण्णा आणि बबन यांचं बांधावरच्या लिंबाच्या फांदीवरून वाजलं. फांदी कुणी तोडली, एवढंच! बबन म्हणाला, आण्णा असलेल्या खोलीत मी पाय ठेवणार नाही. ओटीपी आण्णांच्या मोबाइलवर यायचा, आणि आण्णा म्हणाले, बबन माफी मागेपर्यंत मोबाइल बंद.

सीताफळं उतरायला लागली होती. अक्कानं डब्यांवरचे स्टिकर छापून आणले होते, खाली आमच्या साइटचं नाव. संभाजीनगरच्या, नाशिकच्या दुकानदारांनी त्यावरूनच ऑर्डरी द्यायच्या असं ठरलं होतं. ती आण्णांच्या वाड्यावर गेली, ते हटले नाहीत, मग बबनच्या मळ्यात गेली. म्हणाली, ‘‘बबन, मोबाइलचं मी पुन्हा आण्णाचे पाय धरून बघते. तू नुसती अक्षरं सांग. मी पुन्हा तोंडातून काढनार न्हाई.’’

बबन म्हणाला, ‘‘अक्का, सबुद दिलाय. कुनाला सांगायचं न्हाई मंजी न्हाई.’’

असला इमानदार माणूस मी जन्मात बघितला नाही. मला त्याची कॉलर धरावीशी वाटली.

मुदत संपली, वर मिळणारे सवलतीचे दिवसही भांडणातच गेले. नाव गेलं. पुढच्याच आठवड्यात कुणीतरी उचललं. आता ते उघडलं की केसाला लावायच्या तेलाची जाहिरात येते. दुकानदारांचे फोन यायचे थांबले. जुना व्यापारी टेम्पो घेऊन पुन्हा शेडच्या दारात उभा राहिला.

मी गेलो तेव्हा अक्का आणि बायका खाली बसून कात्रीनं प्रत्येक स्टिकरची खालची ओळ कापत होत्या. निदान वरचं फळाचं चित्र तरी गावातल्या विक्रीला वापरता येईल म्हणून.

तेवढ्यात आण्णा आणि बबन आले. दोघं एकाच मोटारसायकलवर. भांडण मिटलं होतं. मागून शिवाप्पाही आले आणि दारात थांबले.

आण्णा खाटेवर टेकले. ‘‘झालं ते वाईट झालं, कुसुम. पर तू त्या नावावर इतके दिस माल इकला. नाव सामायिक व्हतं. आमचा काय वाटा निघतो का, तेवढं बघ.’’

मी उठलोच होतो. अक्कानं हातानं मला खाली बसवलं. तिनं कापलेल्या पट्ट्यांचा ढीग दोन्ही हातांनी ताटात भरला आणि त्यांच्यापुढं सरकवला.

‘‘न्या. समदं हाय ह्याच्यात.’’

बबन पुढं सरकला, मांडी घातली आणि पट्ट्यांचे ढीग लावायला लागला. एक आण्णांकडं, एक स्वतःकडं.

दारातून शिवाप्पा म्हणाले, ‘‘माझा बी धर.’’