जाळीआडचं संत्र्याचं झाड

बागायतदारांनी वर्गणी काढून उभारलेल्या आमच्याकडच्या संशोधन केंद्रात संत्र्याचं एक झाड बारीक जाळीच्या खोलीत ठेवलंय. ते निरोगी असल्याची खात्री केलेली आहे, म्हणून नव्या कलमांसाठी डोळे, म्हणजे फांदीवरचे बारीक कोंब, त्याच्याच फांद्यांवरून काढतात. त्या झाडाची मूळ काडी आमच्या बागेतली. तेव्हा बाग धडधाकट होती. आता ती रोगाने वाळत चालली आहे.

परवा बाबांना ते झाड दाखवायला नेलं. दारातल्या मुलीने अडवलं. "काका, तुम्ही बाहेरच थांबा जी. रोगट बागेतून येऊन राहिले ना तुम्ही."

बाबा जाळीला नाक लावून उभे राहिले. "बहार आला वाटते," म्हणाले.

"येतो. पण आम्ही फुलं खुडून टाकतो. फळं धरली तर डोळ्यांना जोर राहत नाही जी," मुलगी म्हणाली.

त्या झाडाला रोग नाही, तशी मधमाशी नाही, पाखरू नाही, फळही नाही. जपणं म्हणजे शेवटी एवढंच उरतं की काय, असं मनात येऊन मला उदास वाटलं.

निघताना बाबा जाळीपासून लांबून चालले. घरात तान्हं बाळ असताना तापाचं माणूस चालतं, तसे.