टोकियोतल्या आज्यांच्या बाजारात आमचे कांदेपोहे

गेल्या शनिवारी इथे आखातात, गुदैबियातल्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून आम्ही टोकियोत एक कांदेपोह्यांचा कार्यक्रम घडवून आणला. पोहे इथे, मुलगा-मुलगी तिथे...

मुलगी आमची, इरा. मुलगा वरच्या मजल्यावरच्या फाटकांचा, कौस्तुभ. दोघंही नोकरीसाठी टोकियोत, आणि दोघांनाही लग्नाचा विषय नको. इराने तर बजावलंच होतं, "बाबा, हे लास्ट. यानंतर टॉपिक खलास."

तेव्हा जागा विचारपूर्वक निवडणं भाग होतं. ती मुलांनाच निवडू द्यावी, हा विचार आम्हा चार वडीलधाऱ्यांपैकी एकालाही शिवला नाही.

शिबुयाचं ते प्रसिद्ध क्रॉसिंग फाटक वहिनींनी बाद केलं... एवढ्या गर्दीत मुलगा दिसणार कसा? गिंझा महागडं, मुलगी खर्चिक वाटेल, इति आमची सौ. अकिहाबारात सगळी इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं. तिथे कौस्तुभ मुलीला विसरून जाईल, हे त्याच्या वडिलांनीच प्रांजळपणे सांगितलं.

मग मला सुगामो सापडलं. तिथे जिझो-दोरी नावाची जुनी बाजारपेठ, तिच्यात जिझोचं देऊळ. जिझो म्हणजे संस्कृतातला क्षितिगर्भ बोधिसत्त्व, हे कळल्यावर मी जे निरूपण सुरू केलं ते फाटकांनाच थांबवावं लागलं. "ठरलं म्हणा एकदाचं. चहा दुसऱ्यांदा गार झालाय."

इराने जागेचं नाव ऐकून मुकाट्याने होकार दिला. मला तिथेच शंका यायला हवी होती...

शनिवारी आम्ही चौघं बशा घेऊन फोनभोवती बसलो. पहिला फोटो आला. रस्ताभर आज्याच आज्या. काठी घेतलेल्या, ढकलगाडीवाल्या, टोपीवाल्या... सुगामो हे टोकियोतल्या ज्येष्ठ महिलांचं लाडकं मार्केट आहे, ही बाब माझ्या अभ्यासातून निसटली होती.

दुसऱ्या फोटोत एक दुकान. जमिनीपासून छतापर्यंत लालभडक अंतर्वस्त्रं. लाल रंग तब्येतीला चांगला, म्हणे. वहिनींनी बशी खाली ठेवली. सौ.ने माझ्याकडे पाहिलं. त्या दृष्टीला संस्कृतातही शब्द नाही.

त्यानंतर फोटो बंद. मेसेजही नाही. बऱ्याच वेळाने फाटक उठले. "दुसरीकडे बघू, इंशाल्ला," एवढंच म्हणून जिना चढून गेले.

संध्याकाळी इराचा फोन आला. त्या देवळात एक मूर्ती आहे. आपलं जिथे दुखतं, मूर्तीचा तो भाग ओल्या फडक्याने पुसायचा, अशी तिथली रीत. रांगेतल्या एका आजीने कौस्तुभच्या हातात फडकं कोंबलं आणि खुणेनेच विचारलं, कुठे दुखतंय?

त्याने गंभीरपणे मूर्तीचे दोन्ही कान पुसले. घरून रोज फोन येतो, असं कारण इराला सांगितलं.

इराने त्याच्या हातातून फडकं घेतलं आणि तिनेही कानच पुसले. मग दोघं इतके हसत सुटले, की आजीने त्यांना हाताला धरून रांगेबाहेर काढलं.

"मग?" सौ.ने विचारलं.

"मग काय... नेक्स्ट सॅटर्डे शिमोकिताझावाला जातोय. यंगस्टर्सचा एरिया आहे. आमचं आम्ही ठरवलंय. आणि बाबा, प्लीज, त्याचा अभ्यास करू नका."

त्या अनोळखी आजींना दोन्ही मजल्यांतर्फे साष्टांग नमस्कार. आईवडिलांनी मुलांना एकत्र आणावं, अशी अपेक्षा असते... आम्ही आणलं. आमच्याविरुद्ध का होईना.